उधळ्या पुत्राचा दृष्टांत आणि सर जॉर्ज ग्रिअर्सन

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायांतील उधळ्या पुत्राचा दृष्टांत ज्यास ठाऊक नाहीं असा आमचा एकही वाचक नसेल. मंडळींतील लहान मुलेंसुद्धां तो तोंडपाठ सांगतात. परंतु हाच दृष्टांत सुमारें सव्वाशें वर्षांपूर्वीं सरकारच्या हुकुमानें हिंदुस्थानांतील शेंकडों बोलींत लिहवून घेण्यांत आला होता, आणि कोणती बोली कोणत्या भाषेची लेंक व कोणती कोणाची बहीण हें त्यावरून ठरविण्यांत आलें, ही हकीकत फारशी कोणाच्या कानीं आली नसेल. हें काम ज्या गृहस्थांनीं केलें त्यांचें चरित्र आज आम्ही सांगणार आहों. त्यांचें नांव सर जॉर्ज अब्राहाम ग्रिअर्सन.

भाईंदर, राई, मुर्धें, मोर्वा, डोंगरी, उत्तन या गांवांच्या वाचकांनीं तर हें चरित्र विशेष लक्ष देऊन वाचावें अशी आमची विनंति आहे. हीं सर्व गांवें साष्टी बेटाच्या उत्तर टोंकास आहेत. पलीकडे वसईची खाडी, खाडींत पाणजू नांवाचें एक लहानसें बेट, आणि त्यापलीकडे वसई प्रांत. या टोंकाच्या कोळी, आगरी व ख्रिस्ती लोकांची जी घरगुती बोली, तिला पुष्कळ शिकलेले लोक अशुद्ध मराठी म्हणतात. कोणी तिला कोंकणी म्हणतात, तर कोणी पोर्तुगीजांनीं बिघडविलेली भाषा म्हणतात. तिचें खरें कूळ कोणतें, हा प्रश्न ग्रिअर्सन साहेबांच्या कचेरींत विचारला गेला होता व त्याचें उत्तरही तेथें लिहिलें गेलें.

त्यांचा जन्म सन १८५१ च्या जानेवारी महिन्यांत आयर्लंड देशांत डब्लिन शहराजवळ झाला. त्यांच्या घराण्याचा धंदा छापखान्याचा. डब्लिन येथें सरकारी छपाईचा मान त्या घराण्याकडे होता. जॉर्ज हे ट्रिनिटी कॉलेजांत गणित शिकण्यास गेले. परंतु तेथें रॉबर्ट अ‍ॅटकिन्सन या नांवाचे बहुभाषी पंडित होते, त्यांच्यापाशीं त्यांनीं संस्कृतचा अभ्यास केला आणि तेव्हांपासून भाषांचें वेड त्यांस लागलें तें जन्मभर सुटलें नाहीं. मुलकी खात्याची परीक्षा उतरून ते सन १८७३ मध्यें बंगाल इलाख्यांत नोकरीवर आले.

त्यांच्या नोकरीचीं बहुतेक वर्षें बिहार प्रांतांत गेलीं. हे साहेब कचेरींत न्याय करीत, सारा वसूल करीत, शाळा तपासीत; शेवटीं शेवटीं तर सरकारच्या अफूच्या खात्याचे बिहारांतील अधिकारीही होते. अफूचा सरकारी व्यापार ही गोष्ट आम्हांस कधींच बरी वाटलेली नाहीं, व साहेबांचें चरित्र सांगतांना ती झांकून ठेवावी असेंही आम्हांस वाटत नाहीं. परंतु हीं सर्व कामें संभाळून ते शेतकऱ्यांशीं त्यांच्याच बोलींत बोलत, व ऐकलेले शब्द टिपून ठेवीत. त्या काळीं कचेरींत उर्दू चाले, शाळेंत हिंदी शिकवीत. आणि शेतकरी घरीं जें बोले त्यास भाषा म्हणावी हें कोणाच्या मनांतही येत नसे. ग्रिअर्सन यांनीं मैथिली भाषेचें व्याकरण लिहिलें, आणि पुढें सन १८८३ पासून १८८७ पर्यंत बिहारांतील बोलींचीं व्याकरणें भागाभागांनीं प्रसिद्ध केलीं. मैथिली, मगही आणि भोजपुरी या तिघी सख्ख्या बहिणी आहेत असें ठरवून त्यांनीं तिघींस मिळून बिहारी हें नांव दिलें. हें नांव सर्वांस मान्य झालें असें नाहीं. मैथिली लोकांनीं आपली भाषा स्वतंत्र आहे हा आग्रह सोडला नाहीं, आणि सन २००३ मध्यें भारताच्या राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत मैथिलीस स्वतंत्र स्थान मिळालें.

सन १८८५ मध्यें त्यांचें एक विलक्षण पुस्तक निघालें. त्यांत बिहारच्या शेतकऱ्याचा सारा संसार आहे. नांगराच्या प्रत्येक भागाचें नांव, गाडीच्या चाकाचे भाग, कुंभाराचीं व तेल्याचीं हत्यारें, भांडीं, दागिने, धान्याचे रोग, लग्नांतील रीती, सारें कांहीं त्या त्या जिल्ह्याच्या शब्दांनीं व चित्रांसह दिलेलें आहे. आमच्या मिठागरांत, खाजणांत, होडीवर व जाळ्यांच्या कामांत जे शब्द चालतात त्यांचें असें एखादें पुस्तक त्या काळींच कोणी केलें असतें तर किती बरें झालें असतें! मिठागरें एकामागून एक बंद पडत चाललीं आहेत, आणि कामाबरोबर कामाचे शब्दही जातात.

आतां मुख्य कामाकडे वळूं. सन १८८६ मध्यें व्हिएन्ना शहरीं पौर्वात्य विद्येच्या पंडितांची मोठी परिषद भरली होती. हिंदुस्थानांतील सर्व भाषांची पद्धतशीर पाहणी सरकारनें करावी असा ठराव त्या परिषदेनें केला. ठराव झाला तरी सरकारी काम सरकारी चालीनेंच चालावयाचें. कित्येक वर्षें पैशाची व माणसांची वाटाघाट होत राहिली. सन १८९४ च्या सुमारास कामास आरंभ झाला, व सन १८९८ मध्यें ग्रिअर्सन यांची त्या कामावर मुख्य म्हणून नेमणूक झाली. मद्रास इलाखा, ब्रह्मदेश, आणि निजामाचें व म्हैसूरचें संस्थान एवढा मुलूख या पाहणींतून वगळला होता. दक्षिणेंतील एवढा प्रदेश बाहेर राहिल्यामुळें काम लंगडें झालें असें म्हणणें प्राप्त आहे.

पाहणीची रीत मात्र साधी व शहाणपणाची होती. प्रथम प्रत्येक जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडून तेथें चालणाऱ्या भाषांची यादी मागविली. मग प्रत्येक बोलींत तीन नमुने लिहवून घेतले. पहिला नमुना उधळ्या पुत्राचा दृष्टांत. दुसरा त्याच गांवची एखादी गोष्ट, गाणें किंवा जबानी, जी कोणी भाषांतर केलेली नसून लोकांच्या तोंडची असेल. तिसरा नमुना म्हणजे नेमलेल्या शब्दांची व लहान वाक्यांची एक यादी. हे नमुने मामलेदारांनीं, कारकुनांनीं, शिक्षकांनीं, आणि रानावनांत राहणाऱ्या मिशनरी लोकांनीं लिहून पाठविले. पुष्कळ डोंगरी जातींच्या बोली तर मिशनऱ्यांवांचून दुसऱ्या कोणास लिहितांच आल्या नसत्या.

दृष्टांतच कां निवडला, असें कोणी विचारील. त्याचें कारण व्याकरणाचें आहे. त्या गोष्टींत बाप बोलतो, मुलगा बोलतो, वडील भाऊ रागानें बोलतो, चाकर बोलतो. म्हणून मी, तूं आणि तो हीं तिन्ही सर्वनामें येतात. नामाच्या बहुतेक विभक्ती येतात, आणि झालेली, होत असलेली व होणारी अशा तिन्ही काळांचीं क्रियापदें येतात. शिवाय गोष्ट घरगुती आहे. बाप, मुलगा, शेत, दुष्काळ, भूक, अंगठी, जोडे, नाच हे शब्द ज्यांत नाहींत अशी बोली सांपडणें कठीण. ऐकणाऱ्यांच्या समजुतींस धक्का लागूं नये म्हणून शब्दांचे थोडेसे फेरफार करण्याची मोकळीक होती. पोसलेल्या वासराचा उल्लेख लिहिण्याची पाळी एखाद्या ब्राह्मण कारकुनावर आली म्हणजे काय होत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

याद्या येऊं लागल्या तेव्हां एक गंमतीची अडचण दिसून आली. आपल्या भाषेचें नांव काय, हें खेड्यांतील माणसास सांगतां येत नसे. तो म्हणे, आम्ही जसें बोलतों तसें बोलतों. नांव द्यावयाचें तें शेजारचे लोक देत, आणि तें बहुधा जातीचें असे. ठाणें जिल्ह्याच्या बाबतींत नेमकें असेंच झालें. कोळी, आगरी, किरिस्तांव, परभी, कुणबी, भंडारी, ठाकरी अशीं नांवें यादींत आलीं, जणूं काय एकेका आळीची एकेक भाषा! सर्व जिल्ह्यांच्या याद्यांतून एकाच बोलीचीं दोन दोन नांवें काढून टाकल्यावर अखेरीस १७९ भाषा व ५४४ पोटभाषा असा हिशोब राहिला.

मराठीचा खंड सातवा. तो सन १९०५ मध्यें निघाला, व तो तयार करण्याचें काम ग्रिअर्सन यांचे नॉर्वे देशांतील साहाय्यक स्टेन कोनो या पंडितांनीं केलें. त्या खंडांत किरिस्तांव बोलीचा नमुना आहे आणि कोळी बोलीचाही आहे. किरिस्तांव म्हणजे ठाणें जिल्ह्यांतील देशी ख्रिस्ती लोकांची बोली. सन १५३४ पासून सन १७३९ पर्यंत वसई व साष्टी पोर्तुगीजांच्या हातीं होती, त्या काळांत ज्यांचे पूर्वज रोमन कॅथलिक झाले ते हे लोक. त्यांपैकीं पुष्कळांनीं सन १८८७ मध्यें ईस्ट इंडियन हें नांव धारण केलें. त्यांच्या बोलींत पोर्तुगीज शब्द पुष्कळ आहेत, म्हणून ती मिश्र भाषा असावी असा समज होता.

परंतु भाषेचें कूळ तिनें उसने घेतलेल्या शब्दांवरून ठरत नाहीं. शेजाऱ्याकडून आणलेल्या भांड्यांवरून घर शेजाऱ्याचें होत नाहीं. चूल, भिंती व आढें कोणाचें आहे हें पाहावें लागतें, म्हणजे विभक्ती, लिंगें व क्रियापदांचीं रूपें पाहावीं लागतात. एक उदाहरण घेऊं. गुजराथींत घोडो म्हणतात, गोव्याच्या कोंकणींतही घोडो म्हणतात, देशावर घोडा म्हणतात. आमच्या साष्टींत कोळी व आगरी म्हणतो घोरा. येथें ड चा र झाला खरा, पण शेवटचा आकार मराठीचाच राहिला. गुजराथी माणूस बापनो म्हणतो, तेथें साष्टीकर बापाचा म्हणतो. गुजराथींत गयो, साष्टींत गेला. गोव्याचा मनुष्य स्वतःस हांव म्हणतो, साष्टीचा मी म्हणतो. ण चा न होऊन पानी, ळ चा ल होऊन डोला, हे फरक कानाला पटकन जाणवतात व त्यांवरूनच लोक हंसतात. परंतु हे उच्चाराचे फरक आहेत, घडण त्यांनीं बदलत नाहीं.

याप्रमाणें तपास करून त्या खंडांत असा निर्णय दिला कीं, कोळी, किरिस्तांव, आगरी, कुणबी वगैरे जातवार नांवें असलीं तरी या बोलींत परस्परांत अंतर फार थोडें आहे; त्या सर्व मिळून उत्तर कोंकणच्या मराठीच्या बोली होत, आणि देशावरील मराठीशीं त्यांचें नातें जवळचें आहे. गोव्याकडील कोंकणी मात्र निराळी पडते. मराठीची खरी वेगळी अशी पोटभाषा तीच एक, असें तेथें म्हटलें आहे. म्हणजे उत्तनच्या कोळणीची व गोरेगांवच्या ख्रिस्ती बाईची बोली ही बिघडलेली पुस्तकी भाषा नव्हे. पुस्तकी मराठी आणि ही बोली एकाच प्राकृत आईच्या पोटच्या; एकीस शाळेंत घातलें, दुसरी घरकामास राहिली, एवढाच भेद.

खाडी ओलांडून वसईस गेलें म्हणजे हिशोब अवघड होतो. तेथील सामवेदी, वाडवळ, फुडगी या बोली, आणि रानांतील वारली व कातकरी यांच्या बोली, यांत गुजराथीची छटा अधिकाधिक दिसूं लागते. त्यांस मराठीच्या खंडांत जागा दिली, पण सीमेवरच्या म्हणून. खानदेशी मात्र मराठीच्या खंडांत न घालतां सन १९०७ च्या खंडांत भिल्लीबरोबर घातली, याबद्दल मराठी पंडितांत वाद झाले. एक भाषा कोठें संपते व दुसरी कोठें सुरू होते हें शेताच्या बांधासारखें दाखवितां येत नाहीं, हें ग्रिअर्सन स्वतःच जाणून होते. भरतीच्या पाण्यासारखी एक दुसरींत शिरते.

कोंकणीबद्दलचा निर्णयही पुढें बदलला. सन १९७५ मध्यें साहित्य अकादमीनें कोंकणीस स्वतंत्र साहित्यभाषा मानलें, सन १९८७ मध्यें ती गोव्याची राजभाषा झाली, व सन १९९२ मध्यें आठव्या परिशिष्टांत आली. भाषा कोणती व पोटभाषा कोणती, हा प्रश्न शेवटीं व्याकरणाइतकाच लोकांच्या मनाचाही असतो. तसेंच हिंदुस्थानच्या आर्यभाषांचे आंतल्या व बाहेरच्या असे जे दोन गट ग्रिअर्सन यांनीं मानले होते व मराठीस बाहेरच्या गटांत घातलें होतें, त्यावर सुनीतिकुमार चतर्जी यांनीं सन १९२६ च्या आपल्या ग्रंथांत कडक टीका केली.

या पाहणीमुळें फार दूरचीं नातींही उजेडांत आलीं. वऱ्हाडांत मेळघाटच्या डोंगरांत कोरकू लोक राहतात. त्यांच्या भोंवतीं मराठी व हिंदी. पण त्यांची भाषा या दोहींपैकीं कोणाचीही नव्हे. ती छोटानागपुरांतील मुंडा व संताळी यांची बहीण आहे, हें सन १९०६ च्या चौथ्या खंडांत सविस्तर दाखविलें आहे. त्याच साली श्मिट नांवाच्या एका रोमन कॅथलिक पाद्र्यांनीं व्हिएन्नाकडे असें दाखविलें कीं, मुंडा भाषा, आसामच्या डोंगरांतील खासी, निकोबार बेटांची भाषा, आणि पूर्वेकडील मोन व ख्मेर या सर्व एकाच कुळांतल्या आहेत. पुढें जाऊन त्यांनीं याच कुळाचें नातें समुद्रापलीकडच्या भाषांशीं जोडलें. मादागास्करपासून मलाया, जावा, फिलिपाईन्स व थेट हवाई बेटांपर्यंत जें प्रचंड भाषाकूळ पसरलें आहे त्यास ऑस्ट्रोनेशियन म्हणतात. ग्रिअर्सन यांनीं सन १९२७ च्या प्रस्तावनेच्या खंडांत श्मिट यांची ही मांडणी स्वीकारली. त्यामुळें हिंदुस्थान सरकारच्या भाषांच्या कोष्टकांत एका अगदीं लहान बेटकरी भाषेचेंही नांव आलें, ती म्हणजे ब्रह्मदेशाच्या दक्षिण टोंकास मेर्गुई बेटांत राहणाऱ्या सलोन लोकांची. हे लोक आपणांस मोकेन म्हणवितात. वर्षाचा बहुतेक काळ होडींतच घालवितात, होडींतच संसार करितात. आपल्या कोळीबांधवांस त्यांचें वर्णन वाचून आश्चर्य वाटणार नाहीं. मूठभर लोकांची ती बोली मलायी भाषेची नातलग निघाली. मुंडा व ऑस्ट्रोनेशियन या दोन कुळांचें मूळ एक, हें मात्र आजच्या बहुतेक पंडितांस सिद्ध झालें असें वाटत नाहीं. मुंडा, खासी व निकोबारी यांचें नातें तेवढें पक्कें टिकलें आहे. आणि कोरकूंच्या शेजारींच जी निहाली नांवाची लहानशी बोली आहे, तिला त्या वेळीं मुंडा कुळाची मिश्र बोली समजले. हल्लीं तिचें कोणाशींच नातें जुळत नाहीं असें पुष्कळांचें मत आहे.

ग्रिअर्सन सन १९०३ मध्यें नोकरींतून निवृत्त झाले. त्यापूर्वींच ते विलायतेस गेले होते व कॅम्बर्ली या गांवीं घर करून राहिले होते. लोक पेन्शन घेऊन विसांवा घेतात. यांचें खरें काम तेथें सुरू झालें. टपालानें आलेल्या हजारों कागदांवरील अक्षर लावणें, शब्दाखालीं शब्दाचा अर्थ लिहिणें, संशय आला कीं पुन्हा हिंदुस्थानास पत्र पाठविणें, असें हें काम सुमारें तीस वर्षें चाललें. सन १९०३ मध्यें पहिला भाग छापून निघाला, व सन १९२८ मध्यें शेवटचा. अकरा खंड झाले, आणि कित्येक खंडांचे दोन दोन, चार चार भाग. मध्यंतरीं ग्रामोफोनच्या तबकड्यांवर बोलणाऱ्यांचे आवाजही भरून घेतले, त्यांतही तोच दृष्टांत आहे. याच काळांत त्यांनीं काश्मीरी भाषेचा मोठा कोश रचला, व तुलसीदासाच्या काव्यावर अत्यंत प्रेमानें लिहिलें. सन १९०७ मध्यें हिंदु भक्तिमार्गावर सीरियन ख्रिस्ती लोकांचा प्रभाव पडला असावा असें मत त्यांनीं मांडलें. हें मत ऐकून आमच्यांतील कित्येकांस आनंद होईल, परंतु पंडितांनीं तें पुराव्याअभावीं मान्य केलें नाहीं, व आम्हांसही तें जपून बोलावें असेंच वाटतें.

सन १९१२ मध्यें त्यांस सर हा किताब मिळाला, आणि सन १९२८ मध्यें काम पुरें झाल्यावर ब्रिटिश राजाकडून ऑर्डर ऑफ मेरिट हा फार थोड्यांस मिळणारा मान मिळाला. सन १९४१ च्या मार्च महिन्यांत, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, कॅम्बर्ली येथें ते मरण पावले. ज्या देशाच्या बोली त्यांनीं मोजल्या तो देश त्यांस जवळजवळ चाळीस वर्षें पुन्हा दिसला नव्हता.

त्यांच्या काळीं साष्टीच्या उत्तर टोंकास भातशेती, मिठागरें व कोळीवाडे होते. आज तेथें मिरा-भाईंदर शहर उभें आहे, आणि सन २०११ च्या खानेसुमारींत त्याची वस्ती आठ लाखांवर भरली. गुजराथी, मारवाडी, हिंदी बोलणाऱ्यांच्या गर्दींत राई, मुर्धें, डोंगरी, उत्तन या जुन्या गांवांतच ती बोली ऐकूं येते, आणि तेथेंही मुलें शाळेंतून आलीं म्हणजे आजीला दुसऱ्या भाषेंत उत्तर देतात. सातव्या खंडांतील किरिस्तांव व कोळी बोलींचे नमुने आतां इंटरनेटवर कोणासही फुकट वाचतां येतात. नमुना रोमन अक्षरांत आहे, म्हणून आरंभीं थोडा अडखळत वाचावा लागतो. पण एखाद्या म्हाताऱ्या बाईस जवळ बसवून मोठ्यानें वाचला तर कोठें चुकलें तें ती लगेच सांगते.